द्रौपदी सिस्टरचा राग

दत्तात्रयने द्रौपदीबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भिंतीवर चुना फासत होत्या आणि भिंतीलाच शिव्या देत होत्या.

१९९५ सालचा डिसेंबर होता. सकाळचे नऊ वाजले तरी लखनऊच्या विकास नगरमधलं धुकं उठलं नव्हतं. नर्सची पांढरी साडी, वर पुरुषी खाकी स्वेटर, पायांशी चुन्याची बादली. कॉलनीच्या कुंपणभिंतीवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत 'गुप्त रोगी निराश न हों' असं लिहिलेलं होतं, खाली कुठल्याशा दवाखान्याचा पत्ता होता, आणि बाई ते सगळं पुसत होत्या. दहा पावलांवर शिडीवर उभा असलेला रंगारी पुढची अक्षरं काढत होता.

"बहनजी, हमारी रोज़ी है," तो काकुळतीने म्हणाला.

"तेरी रोज़ी के मारे लोग सड़कर मेरे वॉर्ड में आते हैं!" बाई कडाडल्या. "उतर नीचे, नहीं तो शिडी ओढते!"

शेवटचे दोन शब्द मराठीत निघाले तसा दत्तात्रय हसला. सांगलीहून बँकेच्या बदलीवर लखनऊला येऊन त्याला वर्ष झालं होतं, आणि याच बाईंच्या घराच्या गच्चीवरची खोली त्याने आदल्याच दिवशी बाबूरावांकडून भाड्याने घेतली होती. बाबूराव म्हणजे बाईंचे यजमान, पोस्टातले, अतिशय मवाळ गृहस्थ. बाई आदल्या दिवशी ड्यूटीवर होत्या.

"हसून काय राहिला?" त्या वळल्या. "वरच्या खोलीतला तूच ना? दुसरा ब्रश आहे बादलीत. घे."

दत्तात्रय बँकेच्या कपड्यांत होता. तरी त्याने ब्रश घेतला. त्या दिवशी बँकेत तो बुटांवर चुना घेऊनच गेला.

पुढच्या दोन महिन्यांत त्याला द्रौपदीबाईंचा राग चांगला ओळखीचा झाला. सरकारी इस्पितळातल्या सर्जरीच्या वॉर्डात त्या स्टाफ नर्स होत्या आणि मोहल्ला त्यांना 'सिस्टर' म्हणायचा. त्या दुधवाल्यावर रागवायच्या, बाबूरावांच्या बिडीवर रागवायच्या, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देणाऱ्या लेकावर, सोनूवर रागवायच्या. "सोनू, जेवलास का?" "हाँ मम्मी, खा लिया." "कोणत्या भाषेत विचारलं मी?" "मराठी में." आणि मग बाबूराव वर्तमानपत्रामागे हसू लपवायचे. पण त्या रागवायच्या आणि लगेच काहीतरी करायच्या, हे दत्तात्रयच्या लक्षात आलं होतं. जानेवारीत त्याला ताप आला तेव्हा त्या "थंडीत गार पाण्याने आंघोळ करतो, अक्कल गहाण टाकली काय?" असं ओरडत वर आल्या होत्या, हातात बंब पेटवायची लाकडं घेऊन.

फेब्रुवारीत, त्याच बंबाच्या ऊन पाण्याने आंघोळ करताना, त्याच्या हाताला गाठ लागली.

डाव्या वृषणाच्या गोळीशी, वरच्या अंगाला, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. दत्तात्रयने हात काढून घेतला, पुन्हा लावून पाहिला. गाठ होतीच. त्या दिवसापासून त्याचा दिवस आंघोळीपासूनच बिघडायला लागला. रोज चाचपायचं, रोज कालच्यापेक्षा मोठी वाटायची. वैशाखात त्याचं लग्न ठरलेलं होतं. नाशिकची हेमा, शाळेत शिक्षिका. दोनच पत्रं आली होती तिची, आणि दोन्ही त्याने पाठ केली होती.

डॉक्टरकडे जायला हरकत काहीच नव्हती. बँकेने नेमलेले डॉक्टर होते, खर्च बँक देत होती. पण त्यासाठी एक फॉर्म भरावा लागे. त्या फॉर्मवर चौथा रकाना होता, 'रोगाचे नाव'. डॉक्टरांनी तो भरायचा, आणि फॉर्म जायचा हरिहररावांच्या टेबलावर.

हरिहरराव बँकेत कर्मचारी विभाग बघायचे आणि बाहेर लखनऊच्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस होते. वय सेहेचाळीस, आवाज खणखणीत, गणपतीत आरत्या म्हणायला पहिले. चाळीस मराठी घरांतली कुठलीही गोष्ट त्यांना ठाऊक नाही असं नव्हतं, कारण त्यातली निम्मी घरं बँकेतली होती आणि त्यांचे फॉर्म त्यांच्या हाताखालून जात. मागच्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना त्यांनी मधुसूदन नावाच्या बिचाऱ्या रोखपालाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय हो, मूळव्याध कशी आहे? बसा, बसा... की उभेच राहता?" मंडळी पोट धरून हसली होती. दत्तात्रयही हसला होता. मधुसूदन त्यानंतर मंडळात आला नाही.

आणि हेमा ही हरिहररावांच्या बायकोची भाची. स्थळ त्यांनीच आणलेलं.

तेव्हा बँकेचा डॉक्टर नको. स्वतःच्या पैशाने दुसरा गाठावा, तर कुठला आणि त्याला पहिलं वाक्य काय सांगावं, हे दत्तात्रयला सुचेना. घरमालकीणच सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे हे त्याला दिवसातून दहा वेळा आठवायचं आणि दहा वेळा कानाच्या पाळ्या तापायच्या. बाईमाणसाला हे सांगायचं? शेवटी एका शनिवारी तो कुंपणभिंतीशी थांबला. चुना पातळ होता. खालची निळी अक्षरं नीट वाचता येत होती. पत्ता त्याने पाठ केला.

दवाखान्यात पडद्यामागे एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस गादीवर बसलेला होता. त्याने तपासलं काहीच नाही. दत्तात्रयचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच तो मान हलवायला लागला. "बचपन की गलतियाँ," तो म्हणाला. "शादी हुई है?"

"ठहरी है. वैशाख में."

"किसी लड़की की ज़िंदगी बरबाद मत करो, बेटा. छह महीने इलाज, फिर देखेंगे." त्याने काळी पूड भरलेल्या पुड्या दिल्या आणि उग्र वासाच्या तेलाची बाटली दिली.

दत्तात्रय पदवीधर होता. बँकेत दुसऱ्यांच्या सह्या भिंग लावून तपासायचा. पण त्या माणसाला त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पुड्या घेतल्या, तेल लावलं, कातडी सोलवटून निघाली, आणि आठवड्याने त्याने हेमाच्या वडिलांना पत्र लिहिलं. 'काही अपरिहार्य कारणामुळे हा विवाह होऊ शकत नाही. क्षमा असावी.' पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, आणि ते टाकायचा धीर होईना म्हणून टेबलावर ठेवलं.

ते रविवारी तसंच होतं. द्रौपदीबाई गच्चीवर वाळत टाकलेले कपडे घ्यायला आल्या. त्याच्या दारातली केराची टोपली वाऱ्याने कलंडली होती, आणि पुड्यांचे रिकामे कागद गच्चीभर उडत होते. बाईंनी एक उचलला. त्यावर त्या भिंतीवरचाच पत्ता छापलेला होता.

"दत्ता!"

तो बाहेर आला.

"हे काय आहे?"

"ते... माझ्या एका मित्राचं आहे, सिस्टर."

"असं? मित्र कुठे राहतो?"

"गोमती नगरला."

"आणि औषध तुझ्या खोलीत खातो? रोज येतो गोमती नगरहून?" त्यांनी हुंगल्यासारखं केलं. "तेलही इथेच लावतो वाटते. काय झालं आहे मित्राले?"

दत्तात्रय उडणारे कागद गोळा करायला लागला. खाली बाबूरावांचा रेडिओ वाजत होता.

"बोलून राहिला का नाही? आग होते? पू येतो? गाठ आहे?"

'गाठ' म्हटल्यावर त्याने मान खाली घातली, आणि बाईंच्या हातातले कपडे गच्चीवर पडले.

त्यापुढे त्या जे बोलल्या ते अर्ध्या कॉलनीने ऐकलं असतं, पण बोलल्या हळू. तेवढ्या एकाच वेळी दत्तात्रयने त्यांना हळू बोलताना ऐकलं, आणि त्याला त्यांच्या ओरडण्याची कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटली.

"किती दिवस झाले?"

"महिना."

"एक महिना. मी तुझ्या पायाखाली राहते. दोन जिने उतरले की मी. सोळा वर्षं झाली मले सर्जरीच्या वॉर्डात. आणि तू त्या चोराकडे गेला."

"तुम्हांला कसं सांगणार, सिस्टर? तुम्ही..."

"बाई आहे. हो. माझा भाऊ पण हेच म्हणाला."

दत्तात्रयला त्यांचा भाऊ माहीत नव्हता. खाली बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी एका तरुण मुलाचा हार घातलेला फोटो होता, तेवढाच त्याने पाहिला होता.

"सुगत. नोकरी शोधायला आला होता माझ्याकडे, चौऱ्याऐंशी साली. तेवीस वर्षांचा. गोळी दगडासारखी कडक झाली होती त्याची. दुखत नव्हती म्हणून बोलला नाही. मित्राले म्हणाला, सायकलच्या सीटमुळे असेल. आठ महिने, दत्ता! मग खोकला लागला, खोकल्याचं औषध घेतलं, टीबीचं घेतलं, आणि शेवटी फोटो काढला तर छातीभर पसरलं होतं. मी रोज दुसऱ्यांच्या भावांचे टाके काढत होते आणि माझा भाऊ माझ्याच घरात मरून राहिला होता. मले म्हणतो, ताई, तुला कसं सांगू." त्यांनी कपडे उचलले आणि झटकले, जणू त्या कपड्यांचाच गुन्हा होता. "उद्या सकाळी आठला खाली ये. आणि ते काय आहे टेबलावर? पत्र? कोणाले?"

त्याने सांगितलं. त्यांनी पत्र उचललं आणि कमरेच्या पिशवीत खोचलं. "रिपोर्ट येईपर्यंत हे माझ्याजवळ राहील."

दुसऱ्या दिवशी विक्रम नावाच्या तीनचाकी टेम्पोत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ओपीडीत मात्र रांगेतल्या शंभर माणसांना ढकलत त्यांनी त्याला सर्जन डॉक्टर निगम यांच्यासमोर नेऊन उभं केलं, पडदा ओढला आणि बाहेर थांबल्या. दत्तात्रयने डोळे मिटून घेतले. तपासणीला तीन मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांनी दोन्ही बाजू बोटांनी नीट पाहिल्या, मग खिडकी लावून घेतली आणि गाठीच्या मागून छोटा टॉर्च धरला.

"देखिए. आँख खोलिए, भाई. रोशनी आर-पार जा रही है न? पानी है इसमें." मग त्यांनी त्याचीच बोटं धरून दाखवलं. गोळी वेगळी लागत होती, गुळगुळीत आणि सारखी. गाठ तिच्या मागे, वरच्या अंगाला, नळीपाशी. दोन्हींच्या मधून बोट जात होतं.

"मैंने कहा था ना?" पडद्याबाहेरून आवाज आला.

"सिस्टर, आपने अभी कुछ नहीं कहा," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

खात्रीसाठी त्यांनी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट तेच सांगत होता. गोळीमागच्या नळीत पाण्याची पिशवी, निरुपद्रवी. औषध नाही, ऑपरेशन नाही. फार वाढली किंवा दुखायला लागली तर पुन्हा यायचं. लग्नाला, मुलाबाळांना काही अडचण? डॉक्टर हसले. "कार्ड भेजिएगा."

दत्तात्रयला हसू आलं नाही. त्याला राग आला. महिनाभर ज्याच्यापायी तो जेवला नव्हता, झोपला नव्हता, एका मुलीचं लग्न मोडायला निघाला होता, ते तीन मिनिटांत आणि एका टॉर्चने निकालात निघालं होतं. त्या गादीवरच्या माणसाचा राग, हरिहररावांच्या हसण्याचा राग, कोजागिरीला आपणही हसलो त्याचा राग. तो तसं म्हणालाही. "उगाच घाबरलो. घरीच बसलो असतो तरी चाललं असतं."

डॉक्टरांचं हसू गेलं. "नहीं. यह मत कहिए." मग त्यांनी समजावलं, आणि द्रौपदीबाईंनी परतीच्या वाटेवर तेच टेम्पोच्या आवाजावर आवाज चढवून पुन्हा समजावलं. बहुतेक गाठी अशाच निघतात. कुठे पाणी साठतं, कुठे शिरा फुगून गुंतवळ होते, कुठे अशी पिशवी. पण कोणती कसली हे घरी बसून ठरवायचं नाही. नवी गाठ लागली की दाखवायची. गोळीच कडक लागली, मोठी व्हायला लागली, जड वाटायला लागली, तर त्याच आठवड्यात, आणि दुखत नाही म्हणून तर मुळीच थांबायचं नाही. अचानक भयंकर कळ आली, सूज आली, उलटी झाली, तर त्याच तासाला, गोळीला पीळ पडलेला असू शकतो.

"महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी बघायचं, बस. रोज चाचपत बसायचं नाही," त्या ओरडल्या. समोरच्या बाकावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी आपल्या छत्रीकडे बघायला सुरुवात केली. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण हातवारे कळत होते.

घरी आल्यावर बाईंनी पत्र परत दिलं. "फाड. नाहीतर मी उघडून वाचते, मोठ्याने." त्याने फाडलं.

राहिला होता फॉर्म. सरकारी इस्पितळातल्या सोनोग्राफीचा खर्चही बँकेकडून मिळणार होता, आणि दत्तात्रयने ठरवलं होतं की मागायचाच नाही, किंवा डॉक्टरांकडून 'पोटदुखी' लिहून घ्यायची. बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं हातातच राहिलं.

"खरं लिहून आण."

"सिस्टर, ते मंडळात वाचतील. हेमाच्या घरी कळेल."

"कळू दे! तुले पाण्याची पिशवी आहे, तू कोणाचा खून नाही केला. तू आज पोटदुखी लिही, उद्या तिसरा कोणी काहीच लिहिणार नाही, भिंतीवरचा पत्ता वाचून जाईल." त्यांचा आवाज फाटला. "सुगतने पण सायकलच लिहिली असती."

बाबूराव पहिल्यांदाच मधे बोलले. "लिही रे बाबा. ही आता जेवू देणार नाही."

त्याने खरं लिहून आणलं. एका बुधवारी चौथा रकाना भरलेला फॉर्म त्याने हरिहररावांच्या टेबलावर ठेवला आणि जागचा हलला नाही. वाचायचंच असेल तर तोंडावर वाचा, असा त्याचा चेहरा होता. हरिहररावांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग फॉर्म उलटा करून फाइलीखाली सरकवला.

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला जिन्यात गाठलं. खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "दत्तात्रय, तू ते... कुठल्या डॉक्टरला दाखवलंस?"

"का?"

"सहज."

"हरिहरराव, सहज कोणी जिन्यात विचारत नाही."

ते कठड्याला टेकले. "उजवीकडे. दुखत नाही. पण कडक आहे. सगळीच."

"किती दिवस?"

"गणपतीपासून."

दत्तात्रयने बोटं मोजली आणि त्याचा तोल गेला. "सहा महिने! कोजागिरीला तुमच्या अंगात हे होतं, आणि तुम्ही मधुसूदनची मूळव्याध सगळ्यांना वाटत होतात?"

"माझा फॉर्म माझ्याच टेबलावरून वर जाणार ना," हरिहरराव पुटपुटले. "वरचे साहेब वाचणार. मग सगळेच."

दत्तात्रयला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. त्याने त्यांच्या दंडाला धरलं आणि अर्ध्या दिवसाची रजाही न टाकता रिक्षात घातलं.

द्रौपदीबाई वॉर्डात होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. रुग्णासमोर असं बोलू नये हे त्यांनाही ठाऊक होतं, पण बोलल्या. "सहा महिने दुसऱ्यांची दुखणी चघळली तुम्ही. स्वतःचं गिळून बसले. माणसं तुमच्या भीतीने डॉक्टरकडे जात नाहीत, माहीत आहे? आणि तुम्ही कोणाच्या भीतीने नाही आले? तुमच्याच!" हरिहरराव खाली मान घालून उभे राहिले. मग बाईंनी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं, पाणी आणलं आणि डॉक्टर निगमांना ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर काढलं.

या वेळी टॉर्चचा उजेड आरपार गेला नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांची ती बाजू काढून टाकली. कॅन्सरच निघाला. पोटातल्या गाठींपर्यंत पोहोचलेला होता, छातीपर्यंत नव्हता. विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावे लागले. ते सगळे दिवस द्रौपदीबाई ड्यूटी संपली की त्यांच्या खाटेपाशी यायच्या, सलाईनकडे बघून रागवायच्या, जेवले नाहीत म्हणून रागवायच्या, रडणाऱ्या बायकोवर रागवायच्या. एकदा हरिहरराव म्हणाले, "सिस्टर, तुमचे उपकार..."

"उपकार ठेवा तिकडे," त्या म्हणाल्या. "बरे झाले की आधी पाकीट सुरू करा."

"कसलं पाकीट?"

"फॉर्म बंद पाकिटात यायला पाहिजे. डॉक्टरकडून साहेबाकडे. मधे कोणी उघडायचं नाही. तुम्ही पण नाही."

ऑगस्टमध्ये कामावर आल्यावर त्यांनी पहिलं टिपण त्याचंच लिहिलं, आणि वर्षाच्या आत ते मंजूर झालं. दत्तात्रयचं लग्न वैशाखात ठरल्या तारखेला झालं होतं. हेमाला त्याने आधीच पत्र लिहून सगळं कळवलं होतं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं, 'डॉक्टरांना दाखवलंत हे बरं केलंत. पुड्या खाल्ल्यात हे वाचून मात्र राग आला.' पुढे ती आणि द्रौपदीबाई एकमेकींना फार आवडल्या.

मंडळाच्या पुढच्या गणपतीत हरिहररावांनी आरती म्हटली, आवाज थोडा बसलेला. द्रौपदीबाई आल्या होत्या, पहिल्यांदाच, बोलावणं करून आणलेल्या. कोणीतरी त्यांना हळूच विचारलं, "आता तरी राग गेला ना, सिस्टर?" त्यांनी मांडवातल्या पुरुषांकडे पाहिलं, एकेकाकडे, मोजल्यासारखं.

"यातल्या किती जणांनी दाखवलं आहे डॉक्टरले?" त्या म्हणाल्या. पुरुषांच्या नजरा आरतीच्या ताटाकडे वळल्या. "मग कसा जाईल?"

द्रौपदीबाई आता बहात्तर वर्षांच्या आहेत. बाबूराव गेल्याला सहा वर्षं झाली. त्या विकास नगरमध्येच सोनूच्या कुटुंबाबरोबर राहतात, आणि दर मंगळवारी व शुक्रवारी सकाळी दहा ते बारा बुद्धविहाराशेजारच्या मोफत दवाखान्यात लोकांचा रक्तदाब मोजायला बसतात.